हिरव्या पानांची शाळा

एका जंगलात, ओढ्याकाठच्या कुरणावर एक टिटवी राहत असे आणि तिथेच ती पिल्लांची शाळा चालवीत असे. टिटवीच का, वाघ का नाही, असे मध्येच विचारू नका. वाघ शिकवायला बसला तर रोज एक पिल्लू कमी भरेल, एवढे तुम्हालाही कळते. टिटवी मात्र जातीचीच सावध. पाचोळा हलला तरी ओरडून सगळे रान डोक्यावर घेणारी. म्हणून जंगलातल्या आयांनी आपापली पिल्ले विश्वासाने तिच्या हवाली केली होती, आणि लहानथोर सगळे तिला बाई म्हणत.

या शाळेत विषय एकच होता : आवाज ओळखणे. ऐनाच्या झाडावरून वानर 'खॅक खॅक' असे खाकरले, की बिबट्या आला म्हणून समजायचे आणि करवंदीच्या जाळीत शिरायचे. साळुंक्या एका जागी गोळा होऊन कलकलाट करू लागल्या, की गवतात साप आहे, तिकडे फिरकायचे नाही. असे आणखी काही आवाज. हा एवढा अभ्यास ज्याला आला ते पिल्लू मोठे होई. ज्याला आला नाही, त्याच्याविषयी पुढे कोणी बोलत नसे. तुम्ही नापास झालात तर फार तर घरी बोलणी बसतात. तिथे तसे नव्हते. म्हणून जरा नीट बसा, आणि ती मागची चुळबूळ थांबवा.

महिना संपला की टिटवी प्रत्येक पिल्लाच्या तोंडात पळसाचे एक पान देई आणि त्याला घरी पाठवी. आवाज नीट ओळखता येत असतील तर हिरवे पान. काही येतात, काही राहिले आहेत, तर पिवळे. आणि पिल्लाचे कुठे अडलेच असेल तर वाळके. वाळके पान ही शिक्षा नव्हती. 'आईने शाळेत येऊन जावे' एवढाच तो निरोप होता. मग आई येई. टिटवी तिला सांगे, "तुमच्या पाडसाला साळुंक्या कळतात, वानर कळत नाही. संध्याकाळी त्याला घेऊन ऐनाखाली बसत जा." आई तसे करी आणि पुढच्या महिन्यात पान बदले. कोणाचे नाक कापले जात नसे, कोणी मिरवतही नसे. कित्येक वर्षे हे असेच चालले होते.

पण सुरळीत चाललेले काम कोणाला बघवते? एकदा वाघ फेरफटका मारायला निघाला असताना त्याला हरिणीच्या दारात वाळके पान पडलेले दिसले. "हे काय?" त्याने विचारले. बरोबर कोल्हा होता. वाघाच्या शेजारी कोणी ना कोणी कोल्हा असतोच. तो म्हणाला, "महाराज, हे मागासलेपण. या दारातलं पोर मागे पडलं आहे." वाघ गुरगुरला, "माझ्या जंगलात कोणी मागे नाही, असं मी पलीकडच्या वाघाला कालच सांगून बसलोय. यापुढे मागे कोणी दिसता कामा नये." कोणी मागे राहता कामा नये, असे तो म्हणाला नाही. दिसता कामा नये, असे म्हणाला. कोल्ह्याला तेवढे पुरेसे होते. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेचा तपासनीस झाला. त्याने जन्मात कोणाला काही शिकवले नव्हते. तपासायला ते लागते, असे थोडेच आहे!

"बाई, आजपासून वाळकं पान बंद," कोल्हा म्हणाला.

"मग ज्याला येत नाही, त्याच्या आईला कळवायचं कसं?" टिटवीने विचारले.

"कळवायचंच कशाला? 'येत नाही' हे शब्दच नकोत. 'येण्याच्या मार्गावर आहे' असं म्हणा. ऐकायला कसं गोड वाटतं!"

"साहेब, बिबट्याही मार्गावरच असतो."

कोल्हा हसला. मग त्याने टिटवीला नवीन कामे समजावून दिली. पिल्लाने कान टवकारले, की झाडाखाली त्याच्या नावाने एक गारगोटी ठेवायची. शेपूट आनंदाने हलवली, की दुसऱ्या ढिगात एक. सोबत्याला वाट दिली, तिसऱ्या ढिगात. प्रश्न विचारला, चौथ्यात. प्रश्न न विचारता शांत बसले, पाचव्यात. एकेका पिल्लाचे असे कितीतरी ढीग. शिवाय पाठ झाला याचा पुरावा हवा, म्हणून रोज सगळ्यांनी ओढ्याकाठच्या चिखलात पायांचे ठसे उमटवायचे. ठसे पुसट आले तर पुन्हा उमटवायचे. पाठ पुसट झाला तर काय करायचे, याबद्दल मात्र कोल्हा काही बोलला नाही.

"मग मी शिकवू कधी?" टिटवीने विचारले.

"शिकवणं होतंच हो मध्ये मध्ये," कोल्हा म्हणाला. जाता जाता तो वळला. "तुमची अंडी कशी आहेत, बाई? उघड्यावरच घालता ना तुम्ही? जपा हो."

टिटवी जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. तिला घरटे असे नसतेच. कोल्ह्याला ती जागा नेमकी माहीत होती. त्याने धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही, नुसती विचारपूस केली. टिटवी निमूटपणे गारगोट्या वेचायला गेली. तुम्ही म्हणाल, मी तर असा कोल्ह्याला सरळ केला असता. बरे बरे. आधी अंडी घालून बघा आणि मग बोला.

आता या शाळेत सशाचे एक पिल्लू होते. सशिणीचे हे एकुलते एक. बाकीची भावंडे पोटातून बाहेर आली ती काही टिकली नाहीत, त्यामुळे सशिणीचा सगळा जीव याच्यात. पिल्लूही मोठे गोड होते. कोणी हसले की हसे, कोणी धावले की धावे, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वानर खाकरले आणि पिल्ले उधळली, की हे सगळ्यांच्या पुढे जाळीत पोहोचलेले असे. पाय चपळ होतेच. कोल्हा दर आठवड्याला तपासणीला येई, वानराला खाकरायला सांगे आणि जाळीत कोण आधी पोहोचले तेवढे बघे. एकेकाला वेगळे उभे करून विचारावे, हे त्याच्या मनातही आले नाही. त्याला वेळ लागतो, आणि कोल्ह्याला पुढे वाघाबरोबर जेवायला जायचे असे.

टिटवीच्या डोळ्याला मात्र काहीतरी खटकत होते. वानर खाकरले की बाकी पिल्लांचे आधी कान हलत, मग पाय. या पिल्लाचे कान हलतच नसत. ते आधी इतरांकडे बघे, मग पळे. एके दिवशी, पळसाला नुकती पालवी फुटली होती तेव्हा, पिल्लू एका बाजूला एकटेच गवत खात बसले होते. टिटवी त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि वानरासारखी खाकरली. पिल्लू खात राहिले. ती आणखी जवळ गेली, आणखी मोठ्याने खाकरली. पिल्लाने एक काडी सोडून दुसरी तोंडात धरली. मग टिटवी आपल्या नेहमीच्या आवाजात किंचाळली. त्या आवाजाने पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. पिल्लू चघळतच होते. टिटवी फिरून त्याच्यासमोर आली तेव्हा ते तिच्याकडे पाहून गोड हसले.

पिल्लाला ऐकूच येत नव्हते. जन्मापासून की मागच्या थंडीतल्या तापामुळे, कोण जाणे.

मग त्याच्या आईला हे कळले कसे नाही, असे विचाराल. अहो, जे पोर सारा दिवस पोटाला चिकटून असते त्याला हाक कशाला मारावी लागते? ती उठली की ते उठे, ती बिळाकडे वळली की ते वळे. ते तिच्याकडेच बघत असे. आणि स्वतःच्या लेकरात काही उणे आहे हे आईला सगळ्यांत उशिरा दिसते. ते दाखवायलाच तर शाळा असते. नाहीतर शाळा हवी कशाला?

महिना संपला. टिटवीने सशाच्या पिल्लासाठी एक वाळके पान निवडले. ते बघताच कोल्ह्याने नाक मुरडले.

"हे कोणाचं?"

"सशाच्या पिल्लाचं. साहेब, त्याला ऐकू येत नाही. त्याच्या आईला आजच सांगायला हवं."

"पण ते तर जाळीत सगळ्यांच्या आधी पोहोचतं! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"ते इतरांचं बघून पळतं."

"पळतं ना? झालं तर! वाघमहाराजांना मी काय सांगू, की माझ्या शाळेतलं सगळ्यांत चपळ पिल्लू बहिरं आहे? फेका ते पान. आणि बाई, आजकाल या बाजूला मुंगूस फार फिरतंय म्हणे. अंड्यांकडे लक्ष असू द्या."

टिटवीने वाळके पान खाली टाकले आणि पिल्लाच्या तोंडात हिरवे दिले. सशिणीने ते बिळाच्या तोंडाशी खोचून ठेवले. तोवर पिवळे पानही बंद होऊन सगळ्यांच्याच दारात हिरवी पाने लागली होती आणि कोणाचे जास्त हिरवे यावरून आयांमध्ये कुरबुरी सुरू झाल्या होत्या. हरिणीने तर आपले पान ओढ्यात बुडवून टवटवीत ठेवले होते.

पुढे पालकांची सभा झाली. आया ऐनाखाली जमल्या. कोल्हा मधोमध बसला आणि टिटवीला त्याने शेजारी बसवून घेतले. पाने किती हिरवी, ढीग किती उंच, ठसे किती स्वच्छ, हे सगळे त्याने सांगून झाले. माना डोलल्या. मग सशीण जरा चाचरतच उठली.

"बाई, एक विचारू का? पान हिरवं आलं, मला खूप बरं वाटलं. पण परवा ते ओढ्यापलीकडे गेलं होतं आणि मी हाका मारमारून दमले, तरी मागे वळूनसुद्धा बघेना. शाळेत कसं आहे हो त्याचं?"

आता बघा. आईने विचारले. आपण होऊन, सगळ्यांसमोर, सरळ विचारले. याहून चांगली वेळ कुठली येणार होती? एका वाक्याचे तर काम होते. टिटवीने चोच उघडली. पण तिच्याआधी कोल्हाच बोलला.

"अहो ताई, याला एकाग्रता म्हणतात! मोठमोठ्यांना साधत नाही. खाताना खाण्यातच लक्ष. काय बाई, बरोबर ना?"

सशीण टिटवीकडे बघत होती. कोल्हाही बघत होता. टिटवीची नजर एकदा खड्यांकडे, अंड्यांकडे जाऊन आली.

"गुणी आहे पिल्लू," टिटवी म्हणाली. "सोबत्यांना धरून असतं."

"तेवढंच हवं होतं ऐकायला," सशीण म्हणाली आणि खाली बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. माझा मात्र हे सांगताना संताप संताप होतो. रानात दिवसभर ओरडणारी टिटवी, आणि ओरडायच्या वेळी नेमकी गप्प!

आता सगळ्यात कहर ऐका. वाघ शाळा बघायला येणार असे ठरले. नुसते ढीग आणि ठसे दाखवून भागायचे नाही, काहीतरी झळकणारे हवे, म्हणून कोल्ह्याने 'आदर्श विद्यार्थी' निवडायचे ठरवले. कोण निवडले गेले असेल? जे जाळीत सगळ्यांच्या आधी पोहोचते तेच. सशाचे पिल्लू. ओढ्यापासून कुरणाच्या मध्यापर्यंत एक लांब, सपाट कातळ होता. कोल्ह्याने पिल्लाला त्या कातळाच्या टोकावर, सगळ्यांना दिसेल असे बसवले आणि बाकीच्यांना बजावले, "याच्याकडे बघून शिकायचं. हा उठला की उठायचं, हा पळाला की पळायचं. याच्या आधी जो उठेल, त्याच्या ढिगातल्या गारगोट्या कमी होतील. शिस्त म्हणजे शिस्त."

"साहेब, त्याला तिथे नका बसवू," टिटवी म्हणाली.

"का बरं?"

टिटवीने पंख आवळून घेतले. "काही नाही," ती म्हणाली.

सशिणीचा आनंद काय वर्णावा! ती सगळ्या रानाला सांगत सुटली. ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनाही तिने सांगितले. रोज ओढ्याच्या काठाला येऊन ती लांबूनच कातळावर बसलेल्या लेकाकडे बघत राही. पिल्लू तिला बघून कान उंच करी आणि हसे. आपल्याला इथे का बसवले आहे, ते त्याला कळले नव्हते. कोणी सांगितले असले तरी त्याला ऐकू कुठे येणार होते? सगळे आपल्याकडे बघतात, म्हणजे आपण नीट बसलो आहोत, एवढेच त्याला समजले होते.

वाघ यायच्या आदल्या दिवशी सकाळी पिल्ले कुरणात चरत होती. टिटवी झाडामागे ढीग उंच करण्यात गुंतली होती, कारण कोल्ह्याला ते लांबून दिसायला हवे होते. एवढ्यात ऐनावरून वानर खाकरले. 'खॅक! खॅक!' तपासणीचा दिवस नव्हता. कोल्ह्याने सांगितलेले नव्हते. बिबट्या खरोखरच ओढ्याच्या वरच्या अंगाने गवतात शिरला होता.

सगळ्या पिल्लांचे कान ताठ झाले. सगळ्यांना आवाज कळला. हरिणीच्या पाडसाला कळला, भेकराच्या पिल्लाला कळला, रानडुकराच्या पोरांना कळला. बाईंनी शिकवलेले कोणी विसरले नव्हते. पण उठले कोणी नाही. सगळ्यांनी माना वळवल्या आणि कातळाकडे बघितले. आदर्श विद्यार्थी अजून बसलेला होता.

आदर्श विद्यार्थ्याने त्यांच्याकडे बघितले. कोणी पळत नव्हते. म्हणजे पळायचे नाही. तो बसून राहिला.

'खॅक! खॅक! खॅक!' वानर फांदीवर थयथयाट करू लागले. खाली सगळी पिल्ले एकाकडे बघत आहेत आणि ते एक या सगळ्यांकडे बघते आहे, हा प्रकार त्या बिचाऱ्याला काही केल्या कळेना. शेवटी ते शाळेची रीत सोडून साध्या भाषेत ओरडले, "अरे, पळा की गाढवांनो! बिबट्या आहे, बिबट्या! तपासणी नाहीये!" पाडसाने पुढचा एक पाय उचलला. पण गारगोट्या कमी होतील या भीतीने ते जागचे हलले नाही. हसताय? हसू नका. चुकीचे उत्तर पहिल्या नंबरच्या मुलाने फळ्यावर लिहिले आहे म्हणून तुमच्यातल्या किती जणांनी आपले बरोबर उत्तर खोडले आहे, ते मला माहीत आहे.

सशीण ओढ्याच्या काठाला होती. वानराचा आवाज ऐकून ती आधी निर्धास्तच होती. आता माझा लेक उठेल आणि सगळ्यांना घेऊन जाईल, असे तिला वाटले. तो उठेना. तिने हाक मारली, "पळ रे बाळा!" तो वळेना. ती घसा फाटेपर्यंत ओरडली. आणि त्याच्यामागे, कातळाच्या पलीकडच्या गवतात, तिला बिबट्याची शेपूट दिसली.

तेव्हा तिला कळले. हाक ऐकून न वळणारे पोर, एकाग्रता, सोबत्यांना धरून असणे, सगळे एका क्षणात कळले. रडायला वेळ नव्हता. ती कातळावर चढून लेकाकडे धावत सुटली. आपण त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही, हे दिसल्यावर ती थांबली आणि तिने मागचे दोन्ही पाय उचलून जिवाच्या आकांताने कातळावर दाणदाण आपटले. आवाज नाही, पण तो हादरा दगडातून पिल्लाच्या पायांपर्यंत पोहोचला. ते दचकून उडाले. त्याच वेळी टिटवी चोचीतली गारगोटी टाकून किंचाळत झेपावली आणि बिबट्याच्या डोळ्यांवर तुटून पडली. बिबट्याचा पंजा चुकला. पिल्लाच्या पाठीवरची थोडी कातडी तेवढी त्याच्या नखात आली. पिल्लू पळाले. आदर्श विद्यार्थी पळाल्याबरोबर सगळे कुरण पळाले, आणि करवंदीच्या जाळीत एकावर एक पिल्ले जाऊन पडली.

बिबट्या चिडून निघून गेला. मग कोल्हा आपल्या बिळातून बाहेर आला. त्याने जाळीत वाकून पिल्ले मोजली आणि अंगावरची धूळ झटकली.

"सगळी पोहोचली? पोहोचली! म्हणजे शंभर टक्के निकाल," तो म्हणाला. "आणि पुढे कोण होतं? आपला आदर्श विद्यार्थी! महाराजांना आजच सांगतो." त्याने पळसाचे सगळ्यांत हिरवे पान तोडून पिल्लाच्या पुढ्यात ठेवले आणि तो घाईघाईने वाघाकडे गेला. हे मी पदरचे सांगत नाही. ज्यांना मोजायचे तेवढेच दिसते, त्यांना बिबट्या दाखवला तरी ते त्याच्या अंगावरचे ठिपके मोजतात.

सशिणीने पानाकडे बघितलेही नाही. ती पिल्लाच्या पाठीवरची जखम चाटत होती. टिटवी जवळ येऊन उभी राहिली. तिचा एक पंख लोंबत होता.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?" सशिणीने मान वर न करता विचारले.

"होतं."

"कधीपासून?"

"पळसाला पालवी फुटली तेव्हापासून."

"मी सभेत विचारलं होतं तुम्हाला. सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं होतं."

"साहेब शेजारीच बसले होते," टिटवी म्हणाली. "माझी अंडी..."

"तुमची अंडी तुम्हाला जीव की प्राण. मी नाही कशी म्हणू? मलाही हे एकच आहे."

"आणि मला वाटलं, तुम्हाला फार वाईट वाटेल."

"वाटलं असतंच की!" सशीण आता उसळून बोलली. "वाटायलाच हवं होतं! मी दोन दिवस रडले असते. तुमच्याशी भांडलेही असते, माझ्या लेकराला नावं ठेवता म्हणून. पण तिसऱ्या दिवशी त्याला जवळ घेऊन पाय आपटून शिकवायला बसले असते. एक आपटला तर थांब, दोन आपटले तर पळ. घरात बसून, निवांत शिकवलं असतं. ते आज मला बिबट्यासमोर शिकवावं लागलं, बाई."

पिल्लू दोघींच्या मध्ये बसून आळीपाळीने त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कोणी हसले की हसायचे, एवढे त्याला पक्के येत होते. ते वाट बघत राहिले. पण बराच वेळ दोघींपैकी कोणीच हसले नाही.

तात्पर्य : लेकराला काय येत नाही, हे त्याच्या आईला वेळेवर आणि सरळ सांगणे, ही शाळेची खरी माया होय. जी शाळा ते हिरव्या पानाखाली झाकते, ती स्वतःचे नाव राखते आणि लेकराला बिबट्यावर सोडते.